परीबाग : आधी बाग, मग परी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी ‘फेअरी गार्डन’ कशी सजवावी, याविषयी एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला होता. चिमुकले दरवाजे, भूछत्राच्या आकाराची घरे, दोऱ्यावर टांगलेले दिवे आणि मधोमध पंख पसरून बसलेली परी, ही छायाचित्रे मोहक होती यात शंका नाही आणि तो लेख वाचून आमच्या इमारतीतील तीन घरांत अशा बागा मांडल्याही गेल्या. त्यांतल्या दोन आज सुकल्या आहेत आणि तिसरीत पाणी साचून कुजट वास येतो. सजावटीच्या सामानाची भली मोठी यादी देणाऱ्या त्या लेखात रोपांविषयी मात्र ‘आवडतील ती छोटी झाडे लावावीत’ एवढे एकच वाक्य होते. घोटाळा त्या वाक्यात आहे, असे मला वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी भूगोलाची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे आमच्या कोथरूडच्या पूर्वेकडच्या गॅलरीत मी आणि माझी नात अशी एक बाग सांभाळतो. आम्ही तिला परीबाग म्हणतो. ‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि पंखांची गोरीपान परी इंग्रजी चित्रांतून आली, हे खरे असले, तरी एखाद्या झाडापाण्याच्या जागी कोणीतरी न दिसणारे राहते, तिथे दंगा करू नये, तिथली फांदी तोडू नये, ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. देवराईतली वाळकी काटकीही घरी न आणणारी आणि विहिरीच्या काठी सात दगड मांडून, त्यांना शेंदूर लावून साती आसरा पुजणारी माणसे आपल्याच आजोळी होती. आसरा म्हणजे अप्सराच. मात्र तिथे झाड आणि पाणी आधी होते, आसरा मागाहून राहायला आल्या. परीबाग करणाऱ्याने हा क्रम उलटा केला की काय होते, ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे.

सासूबाईंची अठरा इंची ॲल्युमिनियमची परात माळ्यावर पडून होती. तिला भोके पाडणे जिवावर आले, म्हणून तळाशी बोटभर खडी अंथरली, वर माती घातली, एका बाजूला जेडची दोन रोपे आणि दुसऱ्या बाजूला नेचे लावले, मध्ये बाजारातून आणलेले घर ठेवले आणि रोज सकाळी नेमाने पाणी घातले. पंधरा दिवसांत जेडची पाने पिवळी पडून टपटप गळू लागली आणि खोड चिमटीत धरले, तर ते पिकल्या केळ्यासारखे मऊ लागले. घर तेवढे टवटवीत होते.

तळाशी खडी घातली की पाण्याचा निचरा होतो, ही समजूत रोपवाटिकेतल्या माळ्यापासून शेजारणीपर्यंत सर्वांची असते आणि ती चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती चिंब झाल्यावरच ते खाली झिरपू लागते. म्हणजे खडीने निचरा तर वाढत नाहीच, उलट मुळांच्या वाट्याची माती बोटभर कमी होते. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरावा, त्याचे ठिबकणे पूर्ण थांबू द्यावे आणि मग तोच स्पंज उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, पाणी तेच, पण आडवे असताना त्याने अधिक धरून ठेवले होते. परात, तबक, पसरट कुंडी ही सारी भांडी म्हणजे आडवा स्पंजच असतो आणि परीबागेला तर पसरट भांडेच शोभते. म्हणूनच उभ्या कुंडीला एक भोक चालून जाते, पण परातीला खिळा आणि हातोडी घेऊन आठ-दहा भोके पाडावीच लागतात. भांडे मातीचे असेल, तर ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी ड्रिल हळूहळू चालवावे, म्हणजे तडा जाण्याची भीती कमी होते. भोकांवर खापरीचे तुकडे किंवा जुन्या मच्छरदाणीच्या जाळीच्या चकत्या ठेवल्या की माती वाहून जात नाही.

मातीचेही तसेच. देशावरची काळी माती कापसाला उत्तम असली, तरी ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. परातीत ती घातली, तर मे महिन्यातल्या रानाची हुबेहूब प्रतिकृती तयार होते, जी वर्गात दाखवायला मला फार आवडली असती, पण तीत रोपे जगत नाहीत. आम्ही लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू समान घेऊन त्यात दोन मुठी गांडूळखत मिसळतो.

आता रोपे. ‘आवडतील ती’ असे म्हणून चालत नाही, कारण एका परातीतल्या सर्वांना एकच पाणी आणि एकच ऊन मिळणार असते. जेड मूळचे आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या कोरड्या झुडपी रानातले, तिथे ते हत्तींचे खाद्य आहे. पानांत पाणी साठवून ते आठ-आठ दिवस काढते. फिटोनिया दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलाच्या तळाशी, सावलीत वाढणारी. एक दिवस पाणी चुकले की ती मान टाकते आणि पाणी मिळताच तासाभरात उठून बसते. या दोघांना एका परातीत लावणे म्हणजे दुष्काळी माण तालुका आणि धो-धो पावसाची आंबोली यांना एकाच टाकीतून पाणी देण्यासारखे आहे. गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल, तर जेड, सेडम, एचेवेरिया, हॉवर्थिया आणि ज्याला आपण ‘ऑफिस टाइम’ म्हणतो ते पोर्तुलाका, असे एक कुटुंब करावे. त्यांतही हॉवर्थियाला जेडच्या सावलीत बसवावे. ऊन कमी आणि सावली अधिक असेल, तर फिटोनिया, पिलिया, सेलाजिनेला आणि लहान नेचे यांचे दुसरे. फुले हवी असतील, तर कुफिया बारमाही जांभळी राहते. दुर्वा मात्र लावू नयेत. धावत्या खोडांनी त्या दोन महिन्यांत घर, वाट, कुंपण सगळे गिळतात. गणपतीसाठी हव्या असतील, तर त्यांना वेगळी कुंडी द्यावी.

गॅलरीच नसलेल्या घरांचीही सोय आहे. लंडनचे एक डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या अंगणात गिरण्यांच्या धुरामुळे नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून आपोआप एक नेचे आणि गवताचे पाते उगवले आणि पाणी न घालता तगून राहिले. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. पुढे अशाच काचपेट्यांतून चीनमधली चहाची रोपे समुद्रमार्गे भारतात आली. तेव्हा लोणच्याच्या मोठ्या बरणीतही परीबाग होते, फक्त तीत जेडसारखी रोपे घालू नयेत आणि बरणी थेट उन्हात ठेवू नये, कारण आतली रोपे शब्दशः उकडून निघतात.

ज्या गोष्टीकडे लेखात पूर्ण दुर्लक्ष झाले आणि जिच्यावर परीबागेचा सगळा भास उभा असतो, ती म्हणजे प्रमाण. नकाशावर प्रमाण लिहिलेले नसेल, तर मी मुलांचे गुण कापत असे. बाहुलीघरांसाठी जगभर एक फुटाला एक इंच हे प्रमाण रूढ आहे, पण परातीसाठी ते मोठे होते. आम्ही एक फुटाला अर्धा इंच धरतो. त्या हिशेबाने अठरा इंची परात म्हणजे छत्तीस फुटांचे ऐसपैस अंगण, सव्वातीन इंचांचा दरवाजा म्हणजे साडेसहा फुटांचा दरवाजा, आठ इंचांचे जेड म्हणजे दुमजली घराएवढा वृक्ष. याच प्रमाणात जेडचे नखाएवढे पान वडाच्या पानाहून थोडे मोठे होते, म्हणून डोळ्यांना ते झाड वाटते. मनीप्लांटचे तळहाताएवढे पान मात्र आठ फुटांचे होऊन बसते. परीच्या घराला ते एकटे छप्पर म्हणून पुरेल. दुकानातल्या संचात घर एका प्रमाणाचे, बदक दुसऱ्या आणि बाक तिसऱ्या, असे असते आणि आपले काहीतरी चुकते आहे, हे मुलांना कळते, पण काय ते सांगता येत नाही. वाट पुढे तीन बोटे रुंद ठेवून मागे एका बोटापर्यंत निमुळती नेली आणि बारीक पानांची रोपे मागच्या कडेला लावली, तर छत्तीस फुटांचे अंगण साठ फुटांचे भासते.

हे सारे आपल्याला नवे नाही. कोकणात गोकुळाष्टमीला पाटावर मातीचे गोकुळ मांडतात, चैत्रात गौरीपुढे आरास होते आणि दिवाळीत तर अंगणाअंगणात दगड, पोती आणि चिखल यांतून डोंगर उभा राहतो. किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असला, तरी कोणी हरकत घेत नाही, कारण किल्ला चार दिवसांचा असतो. पण किल्ल्यावरून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. अळीव भिजवले की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण येते, त्यामुळे उभ्या उतारावरही ते चिकटून राहते आणि तीन-चार दिवसांत हिरवळ येते. परीबागेत रोपे नवीन असताना मधल्या उघड्या मातीवर आम्ही अळीव पेरतो, दोन आठवड्यांनी कात्रीने कापून कोशिंबिरीत घालतो आणि तोवर खरी रोपे पसरलेली असतात.

इथे इंग्लंडातल्या एका प्रकरणाची आठवण होते. १९१७ मध्ये यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्ली या खेड्यात सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन बहिणींनी (सख्ख्या नव्हे, मावस) ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रे काढली. १९२० च्या डिसेंबरात आर्थर कॉनन डॉयल यांनी ती एका मासिकात खरी म्हणून छापली. शेरलॉक होम्सच्या जन्मदात्यालाही हातोहात फसवणाऱ्या त्या पऱ्या कागदावर चितारून कात्रीने कापलेल्या होत्या आणि टोप्यांना लावायच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या होत्या, हे त्या दोघींनी १९८३ मध्ये, आजीच्या वयाला पोचल्यावर, कबूल केले. पऱ्या खोट्या असूनही लोकांचा विश्वास बसला, तो कशामुळे? माझ्या मते, ओढा खरा होता, गवत खरे होते, पाने खरी होती. आजच्या परीबागांत नेमके उलट असते. परी महागातली आणि गवत प्लॅस्टिकचे.

सजावट करू नये, असे माझे म्हणणे नाही. आमच्या परातीतही ती भरपूर आहे. करवंटीचे अर्धे घर आहे, त्यावर नारळाच्या काथ्याचे छप्पर आहे, आईस्क्रीमच्या काड्यांचा दरवाजा आहे आणि खराट्याच्या हिरांचे कुंपण आहे. भिंतींना गेरू आणि चुना लावतो. पावसाने तो धुपला की पुन्हा लावायचे काम मुलांना मिळते. सावंतवाडीहून आणलेल्या भातुकलीतले लाकडी जाते दारात ठेवले आहे. एकदा आम्ही चिंचोक्यांची सुरेख फरसबंदी केली. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी पाहतो, तर फरशी जागोजागी उचकटलेली आणि प्रत्येक फटीतून दोन जाड दलांची टोपी घातलेला कोंब वर आलेला. नातीला वाटेवर उगवलेले ते रान इतके आवडले, की फरसबंदी मोडून आम्ही तिथे साधी खडी पसरली आणि एक चिंच वेगळ्या कुंडीत लावली. गुंजा मात्र कितीही आकर्षक दिसल्या, तरी लहान मुलांच्या बागेत आणू नयेत. तो लाल-काळा दाणा चावला गेला, तर जीवघेणा ठरतो. संचांतल्या छोट्या दिव्यांमधल्या बटणाएवढ्या बॅटऱ्यांविषयीही पालकांनी सावध असावे. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकते. दिव्यांचे झाकण स्क्रूने घट्ट बंद होत नसेल, तर त्या घराला अंधारात राहू द्यावे.

तळ्याविषयी लिहिताना मला संकोच वाटतो. लेखात ‘छोटे तळे हवेच’ असे म्हटले आहे आणि आम्हीही स्टीलची वाटी मातीत बुडवून, काठाला शंख लावून तळे केले होते. दोन पावसाळ्यांपूर्वी आरोग्य कर्मचारी डासांच्या तपासणीसाठी आले, त्यांनी सगळ्या कुंड्यांच्या ताटल्या पाहिल्या, मग विजेरीचा झोत परीच्या तळ्यात टाकला आणि मला जवळ बोलावून दाखवले. वाटीत वळवळणाऱ्या अळ्या होत्या. आयुष्यभर मुलांना सार्वजनिक आरोग्याचा धडा शिकवलेल्या बाईच्या घरात! डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, त्याला बाटलीच्या झाकणाएवढे पाणीही पुरते आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाणी ओतून टाकले, तरी भांड्याच्या काठाला चिकटलेली अंडी कोरडी राहून कित्येक महिने तग धरतात, म्हणून काठ घासून धुवावा लागतो. त्या दिवसापासून आमचे तळे पावडरच्या जुन्या डबीतल्या आरशाचे आहे, भोवती निळ्या काचगोट्या. वर आलेल्या फिटोनियाचे प्रतिबिंब त्यात वाटीतल्या पाण्यापेक्षा चांगले पडते, हे मला मान्य करावे लागले.

एक तक्रार शेवाळ्याची. ज्याला रोपवाटिकेत मॉस म्हणतात, ते लेखात ‘जवळच्या डोंगरातून आणावे’ असे सुचवले आहे. हे वाचून घाटातल्या कातळांचे काय होईल, याचा विचार कोणी केला नाही. मॉसला खरी मुळे नसतात. पानांनीच पाणी शोषून ते खडकाला बिलगलेले असते आणि त्या मऊ थरात मातीचे कण अडकून पुढच्या रोपांना जागा होते. हातभर थर खरवडायला मिनिट लागते आणि तो परत यायला वर्षे लागतात. शिवाय घाटातल्या धुक्यात वाढलेला तो थर शहरातल्या गॅलरीत, नळाच्या क्षारयुक्त पाण्यावर, महिनाभरात तपकिरी होतो. आपल्याच इमारतीच्या कुंपणभिंतीवर जुलैत जे मॉस येते, त्यातला नखाएवढा तुकडा ओल्या मातीवर दाबून बसवावा, शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी फवारावे आणि उन्हाळ्यात ते वाळून गेले, तर उपटून फेकू नये. मेमध्ये ते मेल्यासारखे दिसते आणि जूनमध्ये पुन्हा हिरवे होते.

आपल्याला विनंती अशी की, दिवाळीच्या सुमारास पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून यावे आणि ते एखाद्या अनुभवी माळ्याकडून किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाकडून लिहून घ्यावे. कोणत्या दिशेच्या गॅलरीत कोणती रोपे, परातीला किती भोके, पाणी कधी, एवढे त्यात असले, तरी पुरे. किल्ल्यासाठी आणलेली माती आणि वाळू तेव्हा घरात असतेच, आणि किल्ला मोडल्यावर उरलेले मावळेही. आमच्याकडे त्यांतला एक भालाईत सध्या परीच्या दाराशी पहाऱ्यावर आहे.

स्वतः परी मात्र आमच्या बागेत नाही. विकत आणलेली पहिली उन्हाने विटली, तेव्हा नातीने दुसरी नको म्हटले; दार किलकिले ठेवले की झाले, असे तिचे मत पडले. गेल्या मार्चमध्ये एका सकाळी करवंटीवरचे छप्पर अर्धे विस्कटलेले दिसले. आम्ही मांजरावर संशय घेतला, पण दुसऱ्या दिवशी लालबुड्या बुलबुलांची जोडी कठड्यावर आली, एकाने इकडेतिकडे पाहिले आणि चोचीत मावेल तेवढा काथ्या ओढून समोरच्या कामिनीच्या झुडपात नेला. चार दिवसांत छप्पर संपले. मी नवे घालायला काथ्या सोडवायला बसले, तर नात म्हणाली, “आजी, आत्ता नको, त्यांचं घर पुरं झालं का ते आधी बघू.” तेव्हापासून करवंटी उघडीच आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे